कांगारूच्या संघात कोण येणार?

कुठल्यातरी सतरा वर्षांच्या मुलाने मला नाही म्हटलं की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. मुलगा खरा नसतो. गेमनेच जन्माला घातलेला, गेमनेच नाव ठेवलेला. पण नकार खरा असतो, आणि तो पंचावन्न इंची पडद्यावर येतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना दिसतो.

ईए स्पोर्ट्स या कंपनीने अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम २०१३ नंतर बंदच केला होता. खेळाडूंचं रूप फुकट वापरून पैसे कमावण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, अकरा वर्षं गेली, आणि जुलै २०२४ मध्ये गेम परत आला. या खेपेला हजारो खऱ्या खेळाडूंना प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत दिली गेली. त्या गेममध्ये संघ १३४. कुठलाही घ्या आणि त्याचे प्रशिक्षक व्हा. शहाण्या माणसाने अलाबामा किंवा जॉर्जिया घ्यावं. मी अ‍ॅक्रन घेतलं, कारण मी तिथे शिकलोय.

अ‍ॅक्रन म्हणजे ओहायोतलं टायरचं गाव. मी तिथे पॉलिमर शिकलो आणि पुढे ओहायोतच राहिलो. पॉलिमरमध्ये आमच्या विद्यापीठाचं नाव मोठं आहे. फुटबॉलमध्ये २०१९ साली बारापैकी बारा सामने हरलो. अगदीच काही नाही असं नाही. २०१५ साली आयडाहोत निळ्या हिरवळीवर बटाट्याच्या नावाने भरणारा एक सामना आम्ही जिंकलो होतो. संघाचं नाव झिप्स, ते रबरी बुटांवरून पडलेलं. शुभंकर कांगारू. ओहायोत कांगारू का, हे मला तिथली पदवी घेऊनही कळलेलं नाही.

इथून दोन तासांवर, कोलंबसला, माझा मेहुणा राहतो. त्याने ओहायो स्टेट घेतलंय. त्यांच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात, आमच्यात तीस हजार बसू शकतात. मी आणि तो एकाच ऑनलाइन डायनॅस्टीत (हंगामामागून हंगाम चालणाऱ्या एकाच खेळात) आहोत. म्हणजे शाळेतून बाहेर पडणाऱ्या त्याच पोरांच्या मागे तोही आहे आणि मीही आहे. फरक इतकाच, की तो निवडतो आणि मी विनवतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. शाळकरी खेळाडूला एक ते पाच तारे मिळतात आणि कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याला शिष्यवृत्ती देऊन, गोड बोलून आणायचं असतं. फळ्यावर पस्तीस मुलांची नावं लावता येतात, आणि दर आठवड्याला ठरावीक तास खर्च करायला मिळतात. मुलाचा सोशल मीडिया चाळायचा तर पाच तास. त्याला मेसेज करायचा तर दहा. (एका मेसेजला दहा तास! पण कॉलेजात असताना मीही एका मेसेजला तेवढाच वेळ घेत असे, त्यामुळे तक्रार नाही.) घरच्यांशी आणि मित्रांशी बोलायचं तर पंचवीस. आणि असेल-नसेल ते सगळं ओतायचं तर पन्नास. हे तास संघाच्या प्रतिष्ठेनुसार मिळतात. म्हणजे ज्याच्याकडे सगळं आधीच आहे, त्याचा आठवडासुद्धा माझ्यापेक्षा मोठा.

शिवाय प्रत्येक कॉलेजचं एक प्रगतिपुस्तक असतं. चौदा विषय. विजेतेपदाची शक्यता, स्टेडियमचं वातावरण, टीव्हीवर दिसणं, व्यावसायिक संघात जाण्याची संधी वगैरे. यातला एक विषय प्रत्येक मुलाचा हट्टाचा असतो. त्यात तुम्ही कमी पडलात तर त्याच्या नावापुढे कुलूप लागतं, विषय संपला. आमचं प्रगतिपुस्तक पाहून माझी आई नुसती गप्प बसली असती. पण त्यात एक 'ए' होता. खेळायला मिळण्याची संधी! मी हरखलो. मग लक्षात आलं की हा गुण त्या जागेवर आधीच किती चांगले खेळाडू आहेत ते बघून ठरतो. आमच्याकडे कोणीच नव्हतं. सगळ्या पुस्तकात एकच चांगली श्रेणी, आणि ती संघ भिकार असल्याबद्दल.

दुबळ्या संघाचं सगळं राजकारण याच 'ए'वर उभं राहतं. पंचतारांकित पोरांकडे बघायचंही नाही. ज्याला पहिल्याच वर्षी मैदानात उतरायचंय आणि ज्याला घर सोडवत नाही, तो आपला. ओहायोतला, आईच्या हातचं जेवायला शनिवारी घरी जाणारा. पस्तीस नावं लावायचा मोह होतो, पण तास पुरत नाहीत आणि सगळीच पोरं अर्धवट राजी होऊन दुसरीकडे जातात. मोजकीच धरायची आणि दर आठवड्याचे सगळे तास त्यांच्यावरच ओतायचे. दोन तारेवाल्यांत शोधाशोध केली की एखाद्यापुढे हिरवं रत्न चमकतं. म्हणजे पोरगं दिसतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे, आणि ते अजून मेहुण्याला कळलेलं नाही. आणि माझं स्पष्ट मत, तारे मोजू नयेत, पळतो किती ते बघावं. सावकाश पळणाऱ्या चार ताऱ्यांचा या गेममध्ये काडीचा उपयोग नाही.

मुलांना कॉलेज बघायलाही बोलवायचं असतं, एका आठवड्यात फार तर चौघांना. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, आणि त्याचा चेंडू झेलणारा वाइड रिसीव्हर असे एकत्र बोलवले तर दोघंही खूश. दोन क्वार्टरबॅक एकत्र बोलावले तर दोघंही फुगतात. आणि त्या दिवशी सामना जिंकावा लागतो. आमच्यासारख्यांनी म्हणून केंट स्टेटच्या सामन्याला बोलवावं. केंट शेजारचंच गाव, त्यांचीही अवस्था आमच्यासारखीच, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून घोडागाडीचं चाक मिळतं. अडचण एकच, आमच्या लीगचे नोव्हेंबरातले सामने मंगळवारी-बुधवारी रात्री, हाडं गोठवणाऱ्या थंडीत असतात.

"बुधवारी पाहुणे आहेत," मी एकदा तंद्रीत बोलून गेलो.

"कोण?"

"टोलीडोचा क्वार्टरबॅक. आणि एक वाइड रिसीव्हर."

बायकोने आधी फ्रिज उघडला, मग माझ्याकडे बघितलं, मग फ्रिज जोरात लावला.

तो क्वार्टरबॅक आला. खरंच आला आमच्याकडे! पहिल्या वर्षी खेळला, दुसऱ्या वर्षी चमकला. आम्ही चाक जिंकलं. इथून माझे खरे हाल सुरू झाले. संघ सुधारला, जागा भरल्या, आणि तो 'ए' घसरून 'सी'वर आला. म्हणजे पोरांना सांगण्यासारखं माझ्याकडे जे एकमेव होतं, तेही मी चांगलं काम करून घालवलं. विजेतेपदात 'डी' होता तो 'सी' झाला, पण 'सी'साठी कोण येतंय?

त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. हंगाम संपला की नाराज पोरं त्यात शिरतात आणि मोठे संघ त्यांना उचलतात. ते हिरवं रत्न, माझा बचावातला लाइनबॅकर, मी दोन ताऱ्यांपासून घडवलेला, त्याला एकदम व्यावसायिक भवितव्य आठवलं. मनधरणी करून पाहिली. गेला, आणि कुठे गेला ते सांगायला नको. तालुक्याच्या गावातल्या क्लासवाल्याचं दुःख मला त्या दिवशी समजलं. पोरगं पाचवीपासून त्याच्या पत्र्याच्या खोलीत घासतं, शेवटचे दोन महिने लातूरला टेस्ट सिरीजला जातं, आणि निकालादिवशी फ्लेक्सवर फोटो लातूरच्या क्लासचा.

फॅमिली ग्रुपवर मेहुण्याचा मेसेज आला, "दाजी, पोरगा गुणी आहे हो तुमचा." खाली सासूबाईंनी काही न समजता दोन हात जोडलेले टाकले.

त्याच हंगामात माझा क्वार्टरबॅकही शिकून बाहेर पडला. मागे राहिला त्याचा बदली, बरा म्हणण्यासारखा. मला आणखी एक हवा होता. ओहायो स्टेटच्या बाकावर चौघे बसलेत हे मी घरात इतक्या वेळा बोललो, की शेवटी बायकोनेच भावाला फोन लावला, स्पीकरवर.

"तुझ्याकडे चार आहेत म्हणे. एक दे ना याला."

"ताई, चौथा जायलाच बसलाय. पण त्याला खेळायला मिळायला हवं. दाजींकडे त्या जागेवर आधीच एक बरा आहे. तिथे कशाला जाईल तो?"

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मी मात्र खूश होतो. माझ्याबद्दल इतकं चांगलं तो आमच्या लग्नातही बोलला नव्हता.