म्हणे, घरच्या पार्टीला कायदा लागत नाही!

थर्टी फर्स्ट जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. सार असं: पार्टी स्वतःच्या घरात आहे, मुलांच्या आईवडिलांची हरकत नाही, दारूचे पैसे घेतलेले नाहीत, मग सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना बिअर दिली तर कायदा काही करू शकत नाही, तो बारवाल्यांसाठी आहे. बी विंगमधल्या एका काकांनी यंदाही लगेच अंगठा दाखवला. गच्चीची किल्ली सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे असते, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

आधी पैशांचं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७ काढून बघा. १८ वर्षांखालच्या मुलाला दारू ‘देणारा किंवा द्यायला लावणारा’ गुन्हेगार आहे. विकण्याचा तिथे उल्लेखच नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे फुकट दिली ही सबब नाही, फुकट देणं हाच गुन्हा.

आईवडिलांची परवानगी? या कलमात सूट एकच, ती डॉक्टरने लिहून दिलं असेल तर. पालकांच्या होकाराबद्दल अक्षर नाही. उलट ‘द्या हो त्याला थोडी’ म्हणणारा बापच ‘द्यायला लावणारा’ ठरू शकतो. ही समजूत बाहेरून आली असावी. इंग्लंडमध्ये पाच वर्षांवरच्या मुलाला घरात दारू देणं गुन्हा नाही, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात आईवडील सोबत असले तर चालतं. आपण राहतो पुण्यात.

‘बिअर म्हणजे काय दारू आहे का’ याचं उत्तर बाटलीवरच छापलेलं असतं. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते जेमतेम १३ मिली. एक बाटली म्हणजे चार पेग झाले की! त्याच काकांनी पुतण्याला चार पेग भरून दिले असते का?

कुणी म्हणेल, आमचा मुलगा एकोणीसचा आहे. मग कलम ७७ लागणार नाही, हे खरं. पण महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं. बारावीनंतर गोव्याला पळणाऱ्यांसाठी: तिथेही २१.

आणि बारवाल्यांपुरताच कायदा असता, तर मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या पोर्श अपघातानंतर काय झालं? दोन तरुण इंजिनिअर गेले. बारचे मालक-मॅनेजर तर पकडलेच, पण गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांवरही बाल न्याय अधिनियमाच्या ७५ आणि ७७ कलमांखाली गुन्हा दाखल झाला, आणि त्यांनाही अटक झाली. त्या पबात ग्लास भरायला ते हजर नव्हते. त्यात अल्पवयीन पोर गाडी चालवत निघालं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ वेगळं: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकानेच कोर्टात सिद्ध करायचं.

राहिलं घर. घराच्या उंबऱ्यावर कायदा थांबत असता तर आपल्या राज्यात मोठ्या माणसालाही दारू बाळगायला आणि प्यायला परवाना कशाला लागला असता?

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकांचा मला वेगळा मेसेज आला: ‘फ्रिजमध्ये बारा कॅन आणून ठेवलेत, आता काय करू?’ मी लिहिलं, तुम्ही प्या की. पण आधी परवाना काढा, वर्षाचा शंभर रुपयांत मिळतो.