लाळेतल्या त्या एका टक्क्याबद्दल

नमस्कार. लाळेतली प्रथिनं दात राखतात असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लाळेत ९९ टक्के पाणीच असतं, तेव्हा तोंड कोरडं पडलं की पाणी प्यावं, विषय संपला, आणि लाळेतली प्रथिनं एवढी गुणी असतील, तर लोकांचे दात किडतात कसे?

पाण्याचा आकडा बरोबर आहे. पण दातांची राखण उरलेला एक टक्काच करतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं, की एरवी त्याचा साका खाली बसला असता. स्टॅथरिन नावाचं छोटंसं प्रथिन तसं होऊ देत नाही, म्हणून दाताची झीज भरून काढायला हे खनिज हाताशी राहतं. हिस्टॅटिन हे दुसरं प्रथिन कँडिडा बुरशीला आवर घालतं. म्युसिन या तिसऱ्या प्रथिनामुळे तोंडात वंगण राहतं. यातलं नळाचं पाणी काय करणार? तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांच्या लाळग्रंथी निकामी झाल्या, की पाण्याची बाटली सतत जवळ असूनही हिरडीलगत दात किडायला लागतात.

वंगणाचा अनुभव घरीच घ्या. बिनदुधाचा कडक चहा करून एक घोट तोंडात घोळवा. जीभ गालाला खरखरीत लागेल. चहातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं. दूध घातलं की तेच टॅनिन बरंचसं दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं, म्हणून आपला नेहमीचा चहा तेवढा तुरट लागत नाही.

आता किडीचं. गोड खाल्लं की काही मिनिटांतच दातांवरच्या जंतूंच्या थराचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो, म्हणजे दातातलं खनिज विरघळायला लागतं. तो परत वर आणायला लाळेला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो (आणि हे काम मुख्यतः लाळेतल्या आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटचं, उगाच प्रथिनांना श्रेय नको). आपण मात्र तेवढ्यात साखर घातलेल्या चहाचा दुसरा कप घेतो, सोबत बिस्किट. बिचाऱ्या लाळेनं सावरायचं कधी? झोपेत तर ती जेमतेमच सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नये. ब्रशला लाळ हा पर्याय आहे, असं माझं म्हणणं नाही.

तुमचं स्वतःचं तोंड वारंवार कोरडं पडत असेल, तर आधी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते. गोळी मात्र परस्पर बंद करू नका. तोवर बिनसाखरेचं च्युइंगम चघळून बघा. त्यानं तुमची स्वतःचीच लाळ सुटते.