पाण्यातला आकडा खाली कसा आणावा

नळाचं पाणी इतकी वर्षं मुकाट्याने पीत आला असाल, तर आधी घाबरायला शिका. त्याशिवाय आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन घ्यायचा योग्य मूड येत नाही. सोसायटीच्या गेटपाशी टेबल टाकून बसलेल्या मुलाला घरी बोलवा. त्याच्या पेटीत वायरला जोडलेल्या कांड्यांच्या दोन जोड्या असतात, प्रत्येक जोडीत एक लोखंडाची, एक अ‍ॅल्युमिनियमची. एक जोडी तुमच्या नळाच्या पाण्यात, दुसरी त्याच्या बाटलीतल्या आरओच्या पाण्यात. बटण दाबलं की थोड्याच वेळात तुमच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ तरंगतो, त्याचा ग्लास मात्र नितळ. "बघा काकू, हेच रोज पोटात जातं!" इथे काकूंनी तोंडावर हात न्यायचा असतो.

नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, कांड्या झिजतात आणि त्यांचाच गंज ग्लासात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. हे शाळेत शिकलेलं असलं तरी त्या क्षणी आठवू नका. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबायला तर मुळीच सांगू नका. तोही ग्लास गढूळ होईल आणि पोराचा दिवस वाया जाईल.

पुढे पेनाएवढं टीडीएस मीटर निघेल. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, आपल्याला खाली आणायचा तो हाच. त्यावर पूर्ण श्रद्धा ठेवा. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशकं ओळखता येत नाहीत. ड्रेनेजची गळती मिसळलेल्या नळाला ते 90 दाखवू शकतं आणि स्वच्छ झऱ्याला 300. तुम्ही अर्थातच 90 वालं प्या. आयएस 10500 हे भारतीय मानक लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी बिनतक्रार स्वीकारतं, आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतं. पण मानक लिहिणारे तुमच्या घरी मशीन बसवायला येणार नाहीत.

मुंबईकरांनी तर आरओ घ्यायलाच हवं. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी पावसाचं, मुळातच मऊ. मशीनला फारसं काम उरत नाही, त्यामुळे क्षार अडवणारं आतलं पटल, म्हणजे मेम्ब्रेन, टिकतं. 500 च्या खाली आकडा असलेल्या भागात आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली सांगितलं होतं. लवादाला काय, त्याला कुठे स्वयंपाकघर असतं! उलट अकोला-बुलढाण्याकडच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथे आरओला खरंच काम आहे. पण तिथे विकायला कांड्या बुडवाव्या लागत नाहीत, म्हणून तो प्रदेश आपल्या लेखाच्या कामाचा नाही.

मशीन बसलं की आकडा 15 वर येईल. पाणी बेचव लागेल, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियमही गेलं. काळजी नको, मिनरल कार्ट्रिज वेगळं मिळतं. त्यानंतर कॉपर, त्यानंतर अल्कलाइन. पोटातल्या आम्लापुढे त्या अल्कलाइन घोटाचं काय होतं, हा प्रश्न पोटाचा, कंपनीचा नव्हे. आत टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी थोडं गाळलेल्या पाण्यात मिसळतं. पैसे देऊन काढलेलं पैसे देऊन परत घालणं, याला प्रगत तंत्रज्ञान म्हणतात.

प्यायच्या एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी सिंकमध्ये जाईल. त्या नळीखाली बादली ठेवून लादी पुसायची कल्पना सासूबाईंची, म्हणजे जुनाट. कार्बन फिल्टरने क्लोरीन काढून टाकलेलं असतं, नाहीतर मेम्ब्रेन खराब होतं. म्हणजे टाकीत साठलेल्या पाण्याला राखण करणारं काही उरत नाही. तरीही गावाहून आठवड्याने परत आलात की टाकी रिकामी करून धुवू नका. पहिला ग्लास भरा आणि विश्वासाने प्या.

एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेताना "कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे का?" विचारू नका. साधी घ्या, म्हणजे माणूस फुकट येईल आणि फिल्टर, मेम्ब्रेन, पंप विकत येतील. बाहेरच्या पारदर्शक बाऊलमधला स्पन फिल्टर बाजारात शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. इनलेट कॉक बंद करून, पान्याने बाऊल सोडवून, ओ-रिंग नीट बसवून घट्ट केला की झालं. ओ-रिंग दुमडली तर गळतं, एवढंच. पण हे शिकलात तर टेक्निशियनला चहा कोण पाजणार? मेम्ब्रेन बदलायला सांगितलं की लगेच बदला. आत 400 आणि बाहेर 40 असेल, म्हणजे नव्वद टक्के क्षार अजून अडतायत, हे गणित मांडत बसू नका.

हे सगळं फार जुन्या पद्धतीचं वाटत असेल तर भाड्याचं स्मार्ट मशीन घ्या. महिन्याला ठरावीक लिटर, अ‍ॅपवर रिचार्ज, मुदत संपली की पाणी बंद. पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री पॅक मारून ठेवा, आणि ओटीपी येणारा मोबाइल नवऱ्याबरोबर ऑफिसला जाऊ देऊ नका.