लाइन गेल्यावर रिकव्हरी टूल डाउनलोड कुठून करता?

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फॉरवर्ड होऊन राहिला, की लिनक्स असो का विंडोज, रिकव्हरीची टूल्स (बिघडलेली मशीन उभी करायची, उडालेल्या फाइली परत आणायची) सिस्टिमसोबत आधीच टाकणं फालतू आहे, लागली तर नेटवरून घ्या, जागा खातात, पेनड्राइव्ह असतोच आणि चोराला दार उघडं होतं. यातला फक्त शेवटचा मुद्दा मला थोडाफार पटतो.

"लागली तर डाउनलोड करा." अरे पण कशावर? यवतमाळकडच्या खेड्यात सेतू केंद्रात एकच कॉम्प्युटर, पावसाळ्यात लाइन धाडकन जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाचीच बसलेली, अन् लाइन आली की उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) डेस्कटॉपवर न जाता काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएस (सुरू होतानाची छोटी तात्पुरती सिस्टिम) लिहून थांबतं. बाहेर पीक विम्याचे कागद घेऊन लोक उभे. तिथं एफएससीके (डिस्कवरच्या चुका तपासून दुरुस्त करणारी कमांड), पुढं पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचं, नाव अन् वजा वाय एवढं टाइप करून रीबूट मारलं की बरेचदा मशीन उभी राहते, कारण ती कमांड आधीपासूनच तिथं आहे. नसती तर मशीन उचलून तालुक्याला जा.

डिलीट झालेल्या फाइलींचं तर आणखीनच अवघड. फाइल उडाली तरी त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत डेटा डिस्कवर पडून असतो, अन् तुम्ही त्याच डिस्कवर टेस्टडिस्क, फोटोरेक ही फाइली परत आणायची टूल्स डाउनलोड करायला गेले तर जे वाचवायचं त्याच्यावरच लिहून बसाल. एसएसडीवर ट्रिम झालं असेल, म्हणजे डिलीट झालेली जागा डिस्कनं आधीच साफ केली असेल, तर कोणतंच टूल कामाचं नाही, ते वेगळं. उबुंटूत टेस्टडिस्क डिफॉल्ट येत नाही, ते यायलाच पाहिजे. जागेचं म्हणाल तर ५ जीबीच्या वरच्या आयएसओत (उबुंटू इन्स्टॉल करायच्या फाइलीत) या काही एमबीचं काय रडता?

रिकव्हरीचा पेनड्राइव्ह चालू मशीनवर आधीच बनवून ठेवावा लागतो, किती जण ठेवतात? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशिनी बसल्या, तेव्हा सेफ मोड (मोजक्याच गोष्टींवर चालणारं विंडोज) नाहीतर रिकव्हरीत जाऊन एक फाइल हातानं उडवायची होती. ते दोन्ही विंडोजसोबतच येतं.

आता चोर. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी, नसेल तर तो स्वतःचा पेनड्राइव्ह लावूनही सगळं वाचतो. पण हो, विंडोजच्या रिकव्हरीत सुरक्षेची भोकं निघाली आहेत, जानेवारी २०२४ मध्ये एक बुजवायला अपडेट आला तर कितीतरी मशिनींवर रिकव्हरी पार्टिशनच लहान पडलं, २५० एमबी मोकळी जागा लागत होती. म्हणून इन्स्टॉल करतानाच ते मोठं ठेवा, डिस्क एन्क्रिप्ट करा अन् तिची रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा, केंद्रात नाही.