बिनकानाचा मिक्सर

पूर्वी कार्यक्रमासाठी साउंडवाला शोधताना त्याचा कान कसा आहे हे बघत. आता त्याच्याकडे लॅपटॉप आहे का ते बघतात. जुन्या मिक्सरला, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून कमीजास्त करणाऱ्या यंत्राला, टेबलभर खुंट्या असायच्या. कोणी फार ओरडायला लागलं की साउंडवाला शांतपणे त्याचा कान पिळायचा, सगळ्यांदेखत. मग 2012 साली मॅकी कंपनीने आयपॅड खोचून चालवायचा मिक्सर आणला. पुढे आयपॅड खोचायची खाचही गेली आणि मिक्सर म्हणून नुसता एक काळा डबा उरला. समोर माईकची भोकं, बाजूला विजेची वायर. पिळायला एकही कान नाही. सगळे कान गेले सॉफ्टवेअरमध्ये.

आणि सॉफ्टवेअर म्हटलं की आमच्या सोसायटीत माझं नाव निघतं. मी जन्मभर बँकेत एक्सेलवर काम केलं. ज्याला एक्सेल येतं त्याला प्रिंटर, सीसीटीव्ही, लिफ्टचा डिस्प्ले आणि इतरांच्या मुलांचे प्रवेश अर्ज हे सगळं येतंच, असं सिंहगड रस्त्यावर मानतात. त्या यादीत यंदा मिक्सरची भर पडली.

पाडव्याला दिवाळी पहाट होती. साउंडवाला पोरगा गुणी, पण पाडव्याच्या सकाळी त्याच्याकडे आमच्यासकट तीन पहाटा. तो आदल्या रात्री आला, डबा स्टेजच्या मागे ठेवला, माईक जोडले, माझ्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं आणि म्हणाला, "काका, सगळं सेट आहे. तुम्ही फक्त बघत बसा. काही लागलं तर फोन करा, मी बिबवेवाडीत असेन." जाताना त्याने पिशवीतून निळ्या केबलचं एक भलं मोठं वेटोळं काढलं. "ही डब्यापासून लॅपटॉपपर्यंत टाकून घ्या. वायफायवर विसंबू नका."

अशी केबल शंभर मीटरपर्यंत बिनबोभाट चालते. पण सेक्रेटरीबाईंनी ती हिरवळीवर टाकू दिली नाही. रांगोळीच्या मधून जाते, फोटोत दिसते, आणि कोणाचा पाय अडकला तर सोसायटी जबाबदार. "वायरलेस आहे म्हणूनच जास्त पैसे दिलेत ना?" या मुद्द्यावर समितीचं एकमत झालं. आमच्या समितीचं एकमत होणं हीच मुळात दुर्मीळ घटना, तेव्हा त्यात केबलचा बळी गेला याचं कोणाला काही वाटलं नाही.

पहाटे स्टेजच्या बरोबर समोर, शेवटच्या रांगेमागे, मी टेबल मांडून बसलो. थंडी होती. लॅपटॉप डब्याच्या वायफायला जोडला आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न उभा राहिला: मिक्सरकडून पीसीकडे, की पीसीकडून मिक्सरकडे? दोन बाण. एक बाण दाबला की डब्यातली सगळी जुळणी लॅपटॉपवर येते. दुसरा दाबला की लॅपटॉपवरचा कोरा कागद डब्यावर जातो आणि पोराने रात्री जागून लावलेलं सगळं धुऊन निघतं. इतका जीवघेणा प्रश्न, आणि विचारण्याची पद्धत अशी की जणू चहा घेणार की कॉफी.

मी पोराला फोन लावला. पलीकडे त्याचंही कुठलं तरी टेस्टिंग चालू होतं, त्यामुळे तो कुजबुजत होता. "काका, बाण माझ्याकडून तुमच्याकडे."

"म्हणजे डब्याकडून लॅपटॉपकडे?"

"हो. उलटा दाबलात तर मला सांगूसुद्धा नका."

मागे उभ्या राहिलेल्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अहो, ओके दाबा ना, किती विचार करता!" बाईंनी आयुष्यात कुठल्याही खिडकीवर ओके सोडून दुसरं काही दाबलेलं नाही. मी योग्य बाण दाबला आणि पडद्यावर अठरा फेडर, म्हणजे एकेक आवाज कमीजास्त करायची सरकती बटणं, रांगेत उभे राहिले.

आता या फेडरविषयी. सर्वांत वर अधिक 10, सर्वांत खाली उणे अनंत. तुम्ही कोणाचा आवाज बंद केलात तर तो शून्यावर येत नाही, थेट उणे अनंतावर जातो. आमच्या सर्वसाधारण सभेसाठी ही सोय हवी होती. शून्य असतं वर, फेडरच्या तीन चतुर्थांश उंचीवर, आणि ते चांगलं असतं. शून्य म्हणजे जसा आला तसा आवाज, ना भर ना कपात. पण शेजारी आवाज किती येतोय ते दाखवणारी हिरवी पट्टी असते, तिच्यावरही एक शून्य आहे, आणि ते मात्र वाईट. ते छत. आवाज तिथे टेकला की लाल दिवा लागतो आणि गाणं फाटतं. म्हणून गेन, म्हणजे माईकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा ते, असा लावायचा की पट्टी उणे 18 च्या आसपास खेळत राहील. मला हे पोराने सांगितलं होतं आणि बँकेत राहिल्यामुळे पटलंही होतं. चेअरमनना पटलं नाही. ते वाकून बराच वेळ आकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं मायनसमध्ये का? दिवाळी आहे हो. प्लसमध्ये ठेवा."

सहा वाजेपर्यंत आवाज करायचा नव्हता. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. दिवसासुद्धा निवासी भागात मर्यादा 55 डेसिबलची, ज्यात आमच्या चेअरमनचं बिनमाईकचं 'शुभ प्रभात'ही बसत नाही. मग टेस्टिंग करायचं कसं? हेडफोनवर. पण हेडफोनचं भोक डब्यावर, डबा स्टेजमागे, आणि मी दीडशे खुर्च्यांच्या अलीकडे. तेव्हा माझं टेस्टिंग म्हणजे पट्ट्या बघणं. तबलजींनी डग्ग्यावर हात ठेवला, एक पट्टी उडाली. पेटी उघडली, दुसरी उडाली. गायिकाबाई खोकल्या, तिसरी. सगळं कसं हिरवंगार. आवाज मात्र मी एकही ऐकला नव्हता. पहाटेच्या अंधारात मी डोळ्यांनी साउंड करत होतो.

सहा वाजले. निवेदिकाबाईंनी 'तिमिरातून तेजाकडे'ने सुरुवात केली आणि चक्क छान ऐकू आलं. गायिकेने अहिरभैरवचा आलाप घेतला. मी पोटावर हात बांधून बसलो. चार लोकांनी मागे वळून माझ्याकडे आदराने पाहिलं.

तेवढ्यात पडद्यावर तबल्याचा फेडर हलला. मी माउसला हात लावलेला नव्हता. फेडर आपला आपण वर चढत होता, अगदी सावकाश, कोणीतरी बोटाने ढकलल्यासारखा. मी तो धरून खाली आणला. तो पुन्हा चढला. मी पुन्हा आणला. विलंबित लयीत आमचं हे बराच वेळ चाललं. पुढच्या रांगेतल्या लोकांना तबला जवळ येतोय आणि लांब जातोय असं वाटत असणार. एका गृहस्थांनी तर त्याला 'वा!' दिली.

मी फोन केला. पोरगा म्हणाला, "काका, अजून कोणीतरी आत आहे."

"आत म्हणजे?"

"डब्यात."

खुलासा असा की या डब्याच्या वायफायमध्ये एका वेळी चार यंत्रांना जागा असते, आणि चौघांनाही सगळे फेडर हलवता येतात. ही सोय आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला समोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, आपला आवाज आपल्या फोनवरून कमीजास्त करता यावा म्हणून. पोराने वायफायला पासवर्ड ठेवला नव्हता, कलाकारांना त्रास नको म्हणून. तेव्हा एक जागा तबलजींच्या फोनची, एक बासरीवाल्या मुलाच्या फोनची आणि एक माझी. चौथी कोणाची, ते मी खुर्च्यांमधून वाकत जाऊन शोधून काढलं. तिसऱ्या रांगेत चेअरमनचा नातू. त्याने ॲप उतरवून घेतलं होतं आणि आजोबांच्या मांडीवर बसून तो फेडर ढकलत होता. चेअरमन कौतुकाने म्हणाले, "त्याला यातलं फार कळतं."

मी टेबलाशी परत आलो तर लॅपटॉप डब्याशी बोलत नव्हता.

याचं कारण शास्त्रीय आहे. लॅपटॉपवरून फेडर ओढला की एक छोटा निरोप हवेतून डब्याकडे जातो. या निरोपांची भाषा म्हणजे ओपन साउंड कंट्रोल, ओएससी. 1997 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संगीत-तंत्रज्ञान केंद्राने ती जगापुढे मांडली. निरोप जातो साध्या टपालाने, पोचपावतीशिवाय. पोचला तर पोचला. आणि वायफाय 2.4 गिगाहर्ट्झचं. पाणी या लहरी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. रात्री रिकाम्या खुर्च्यांवरून सगळं झकास चाललं होतं. आता माझ्या आणि डब्याच्या मध्ये दीडशे माणसं स्वेटर घालून बसलेली. त्यातून क्लबहाउसमध्ये मायक्रोवेव्हवर दूध गरम करणं सुरू झालं होतं, आणि मायक्रोवेव्हही त्याच लहरींवर चालतो. अर्धी अडचण अहिरभैरव ऐकत होती, अर्धी कॉफीची वाट बघत होती.

डब्याची हाक क्षीण झाली तेव्हा लॅपटॉपने विचार केला, या वायफायला ना रेंज ना इंटरनेट, इथे काय ठेवलंय? आणि तो मला न विचारता क्लबहाउसच्या वायफायवर निघून गेला. तिथून त्याने मला ताबडतोब तीन ईमेल आणून दाखवले. त्यातला एक वीजबिलाचा होता.

मी त्याला परत डब्याकडे हाकललं, पण तोवर माझी जागा गेली होती. नंतर कळलं, निवेदिकाबाईंना स्टेजवरचा सेल्फी लगेच टाकायचा होता. त्यांना एक बिनकुलपाचं वायफाय दिसलं आणि त्या आत शिरल्या. त्यातून फोटो जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तो गोल गोल फिरत राहिला आणि त्यांचा फोन कार्यक्रमभर माझ्या जागेवर बसून राहिला. मिक्सर त्यांच्या हातात होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. नातवाकडून फोन काढून घ्या म्हणून मी चेअरमनना खूण केली. त्यांनी उलट मला अंगठा दाखवला, म्हणजे उत्तम चाललंय.

आणि गंमत म्हणजे उत्तमच चाललं होतं. लॅपटॉप गेला म्हणून आवाज जात नाही. आवाजाचं सगळं गणित डब्यातच होतं; लॅपटॉप म्हणजे फक्त लांबून हुकूम सोडायची खिडकी. ती बंद झाली तर गाणं चालू राहतं, जाते ती तुमची सत्ता. पडद्यावरचे फेडर मात्र अजूनही हलत होते, कारण ते कशालाच जोडलेले नव्हते.

गायिकाबाईंनी अभंग धरला, तार सप्तकात गेल्या, आणि स्पीकरमधून 'कुईंऽऽ' अशी बारीक शिट्टी सुरू झाली. शिट्टी वाढायला लागली की लोक गाणाऱ्याकडे बघत नाहीत, साउंडवाल्याकडे बघतात. दीडशे माना वळल्या. मी गंभीर चेहऱ्याने माउस पुढेमागे केला. शिट्टी थांबली.

ती कोणी थांबवली ते मला दिसलं. बासरीवाला मुलगा, असेल विशीचा, स्टेजच्या कडेला बसला होता. फोन त्याने मांडीवर, बासरीच्या पिशवीआड ठेवला होता. निळसर उजेड त्याच्या हनुवटीवर पडत होता. अंतरा संपून त्याचा तुकडा येईपर्यंत जेवढा वेळ मिळे, तेवढ्यात त्याचा अंगठा फोनवरून सरके. मान तिरपी, एक कान गायिकेच्या मॉनिटरकडे. अंगठा सरकला की बासरी ओठांना. नातू तबला वर ढकली, हा फुंकरीआधी तो खाली आणी. तबलजी मॉनिटरमध्ये स्वतःला थोडं जास्त घेत (सगळेच घेतात, मॉनिटरमध्ये दुसऱ्याचा आवाज वाढवून मागणारा कलाकार अजून जन्मायचाय), तर हा त्यातून गायिकेला वाट काढून देई. दीडशे माणसांत एकाने तरी हे पाहिलं असेल असं वाटत नाही. माझ्याकडे मात्र बघत होते.

मध्यंतराआधी चेअरमन टेबलाशी आले. "तबला किंचित जास्त होतोय का हो?"

"करतो ना कमी." मी पडद्यावरचा मेलेला फेडर अगदी केसभर खाली ओढला.

त्यांनी डोळे मिटले, मान हलवली. "हां. आता बसला."

मग रांगच लागली. कोणाला पेटी गोड हवी, कोणाला बाईंच्या आवाजात जरा गोलाई, एका निवृत्त अभियंत्यांना बेस. मी प्रत्येकासाठी काही ना काही ओढलं. प्रत्येकाला फरक जाणवला. अभियंत्यांना तर इतका जाणवला की ते म्हणाले, आता थोडा जास्त झाला, अर्धा मागे घ्या. मी अर्धा मागे घेतला.

भैरवी झाली. फराळाच्या टेबलांशी गर्दी जमली तेव्हा साउंडवाला पोरगा आपल्या उरलेल्या दोन पहाटा आटोपून धापा टाकत आला. चेअरमन माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला सांगत होते की पुढच्या वर्षी तुझी तशी गरज नाही, फक्त डबा पाठव, आमचे हे आहेत. पोराने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरं होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हे ऑफलाइन दिसतंय."

"म्हणजे?" चेअरमननी विचारलं.

पोराने माझ्या ताटलीतली एक चकली उचलली आणि लॅपटॉप मिटला. "काही नाही साहेब. काम पूर्ण झालं की असं दाखवतं."