आधी मराठीत सांग

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीच्या शोधनिबंधाचा मसुदा वाचला. चार पानं प्रस्तावना, संदर्भांची रांग, आणि तरी तिचा प्रश्न काय आहे ते मला कळेना. शेवटी कागद मिटायला लावले आणि म्हटलं, ‘मराठीत सांग.’ तिने तीन वाक्यांत सांगितलं: पावसाळ्यानंतर विहिरींतलं नायट्रेट वाढतं का, कुठल्या विहिरींत, आणि ते खतातून येतं की सांडपाण्यातून. ही तीन वाक्यं मसुद्यात कुठेच नव्हती. इंग्रजी जड केलं की काम वजनदार वाटतं, हा समज आपणच मुलांच्या मनात रुजवतो. त्याचं मला फार वाईट वाटतं.

मग तिला सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांचं ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातलं छोटंसं पत्र वाचायला दिलं. विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, हा पुढे ‘रामन परिणाम’ म्हणून ओळखला गेलेला शोध त्यात आहे. भिंगाची मापंसुद्धा त्यात आहेत: व्यास १८ सेंटीमीटर, नाभीय अंतर २३० सेंटीमीटर. पद्धत कोणालाही समजावी अशी. एकमेकांना पूरक असे दोन फिल्टर, एक द्रवात शिरणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत, दुसरा विखुरलेल्या प्रकाशाच्या वाटेत. दोन्ही मिळून प्रकाश अडवायला हवा. तरीही उजेडाचा माग दिसला, तर द्रवातच प्रकाशाचा रंग बदलला आहे. सुमारे ६० द्रव तपासले, सगळ्यांत कमी-अधिक प्रमाणात हेच दिसलं.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा भाग. वाचणारा म्हणणार, ही तर साधी प्रतिदीप्ती असेल, म्हणजे द्रवाने प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत सोडलेला. ती शंका ते स्वतःच काढतात आणि दोन कारणांनी खोडतात: हा प्रकाश फार क्षीण आहे, आणि त्याचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरींचं ठरावीक दिशेतच कंप पावणं) बऱ्याचदा ठळक आहे. आपल्या निष्कर्षाच्या विरोधातला सर्वांत मजबूत मुद्दा आपणच मांडायचा. लिहिणाऱ्याचा विचार खरा किती खोल गेलाय, ते मला तिथेच दिसतं.

तिच्या मसुद्यात विहिरी १२ होत्या आणि निष्कर्ष ‘तालुक्यातील भूजला’बद्दल. ‘सिद्ध होते’ पाच वेळा. मी म्हटलं, या १२ विहिरींपुरतं बोल, आणि ‘दिसून आले’ एवढंच लिही. ती आधी हिरमुसली. तीन विहिरींचे नमुने वगळल्याचं तर तिने लिहिलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं, बाटल्या दोन दिवस उन्हात राहिल्या होत्या. मग हे लिहायला नको? पुढचा संशोधक तीच चूक करणार नाही!

काल नवा मसुदा आला. पहिल्याच ओळीत प्रश्न आहे. उन्हातल्या बाटल्यांचा परिच्छेद अजून यायचाय.