आधी घरं, मग संग्रहालय? तेवढा वेळ उरलेला नाही

गिरणगावातल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी कामगारांना घरं द्या, संग्रहालयाचं नंतर बघू." काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवरचं संग्रहालय वर्षानुवर्षं रेंगाळलं आहे. दुसरीकडे लाखाहून जास्त गिरणी कामगार आणि त्यांचे वारस अजून घराची वाट बघताहेत. त्यांना घरासाठी मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला की संताप होणारच. ज्यांच्या घामावर परळ-लालबाग उभं राहिलं त्यांना तिथेच जागा नाही, हा अन्याय आहे आणि तो इंग्लंडमध्ये बसूनही तितकाच टोचतो. तरीही संग्रहालय मागे ढकलायला माझा विरोध आहे.

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. इथून जवळच, स्टायल गावात, बॉलिन नदीकाठी क्वॉरी बँक ही कापडगिरणी आहे. सॅम्युअल ग्रेगने ती १७८४ मध्ये सुरू केली. आज ते संग्रहालय आहे. मुलीला आणि मुलाला घेऊन गेलो तेव्हा वाटलं होतं, जुनी यंत्रं बघून दोघं लवकरच कंटाळतील. पण तिथे मागावर माणूस उभा असतो आणि तो माग चालवून दाखवतो. एकच माग सुरू झाला तर मुलीने दोन्ही कान गच्च दाबले. मागवाल्याने ओठांच्या हालचाली मोठ्या करून, आवाज न काढता तिच्याशी बोलून दाखवलं. लँकशायरच्या विणकर बाया शेकडो मागांच्या गोंगाटात अशाच बोलायच्या. पुढचा अर्धा तास आमची दोघं तशीच बोलत होती.

मुलाला मात्र गिरणीशेजारच्या शिकाऊ मुलांच्या घराने गाठलं. अनाथ आणि गरीब मुलांना दरिद्रालयांतून आणून तिथे ठेवत. एका वेळी नव्वदपर्यंत पोरं. कामाचे दिवसाला बारा तास तर असतच, आणि मोबदला म्हणजे मुख्यतः जेवणखाण आणि राहायला जागा. सूत कातणारं यंत्र चालू असताना त्याच्याखाली सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करायचं काम लहान मुलांचं, कारण मोठं माणूस तिथे मावत नसे. मुलगा नऊ वर्षांचा आहे. "म्हणजे मीच मावलो असतो," म्हणाला आणि बराच वेळ त्या यंत्राच्या पोटाखाली वाकून बघत राहिला. हे पुस्तकातून होत नाही. आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे त्याआधी काय चालत असेल, ते मुंबईतल्या शाळकरी मुलाला उभं राहून बघता यावं अशी जागा आपल्याकडे कुठे आहे?

इथलं सगळं चांगलं आणि आपलं वाईट, असं मला म्हणायचं नाही. इथेही पैसे आटले की पहिली कुऱ्हाड संग्रहालयांवर पडते. बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल, जिथे वाफेच्या इंजिनावर चालणारे माग टिकून आहेत, ती २०१६ मध्ये काटकसरीपायी बंद केली होती. दोन वर्षांनी ती काही प्रमाणात उघडली. शिवाय या गिरण्यांचा कापूस आला कुठून, हे इथे बराच काळ दबक्या आवाजातच सांगितलं जायचं. ग्रेग घराण्याचा डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता. १८६१ नंतर अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस थांबला, तेव्हा याच गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस ओढला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. स्टायल आणि परळ हे एकाच कापसाच्या इतिहासात आहेत. मुलांना त्यातला आपला अर्धा भाग दाखवायला माझ्याकडे जागाच नाही.

माझे वडील लोअर परळच्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि वडील पुन्हा कधी मागावर उभे राहिले नाहीत. साताऱ्याकडे गावी परतले. क्वॉरी बँकेतला व्हिडिओ मुलीने त्यांना पाठवला. फोन कानाला लावून, पडद्याकडे न बघता ते म्हणाले, "धोटा पेटीत नीट बसत नाहीये, पट्टा बघायला सांग." त्यानंतर नातीला त्यांनी तासभर बदलीवाल्यांचं जिणं सांगितलं. सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं, नाहीतर खोलीवर परत. मी मुलगा असून यातलं निम्मं पहिल्यांदा ऐकलं.

संपात जो पंचविशीचा होता तो आज सत्तरीच्या आसपास आहे. उरल्यासुरल्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या, त्यामुळे थोडे तरुण हातही अजून आहेत. घरांचा प्रश्न सुटेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर तोवर माग चालवणारं आणि त्याचा आवाज ओळखणारं कुणी राहणार नाही.

घरं आणि संग्रहालय एकमेकांसमोर उभं करणंच मला चुकीचं वाटतं. घरं काही संग्रहालयामुळे अडली नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळायचा होता. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. बाकी जमिनीवर टॉवर आणि मॉल आले. संग्रहालयात हा नियम आणि तो बदल भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावला, तर घराची मागणी दुबळी होईल की धारदार?

काळाचौकीची इमारत कधी पुरी व्हायची ती होवो. साळखात्यातल्या, सूत कातणाऱ्या त्रासन खात्यातल्या माणसांना पगार देऊन बोलवायला, त्यांचं बोलणं नोंदवायला इमारत लागत नाही. एक चालू माग लागतो. बंद गिरण्यांतले माग भंगारात जाण्याआधी तेवढा एक तरी बाजूला काढून ठेवा.